मार्टिन वेगळा, मार्टेन्स वेगळा, आणि पोलादाच्या लेखात पाणी राहूनच गेलं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पोलादावर आलेला लेख मी दोनदा वाचला. मराठी पेपरात पोलादाला एवढी जागा क्वचितच मिळते, त्यामुळे आधी त्याबद्दल मनापासून आभार. बेसेमरचं कन्व्हर्टर, सीमेन्स-मार्टिनची भट्टी, साकचीचा टाटांचा कारखाना, सगळं व्यवस्थित आलंय. पण शेवटी शेवटी एक वाक्य आहे की तापलेलं पोलाद पाण्यात बुडवल्यावर आत जी कडक रचना तयार होते तिला भट्टीवाल्या मार्टिनच्या नावावरून 'मार्टिन्साइट' म्हणतात. ते चुकलंय. भट्टीवाला मार्टिन फ्रान्सचा. ज्याच्या नावावरून हे नाव पडलं तो आडोल्फ मार्टेन्स जर्मनीचा, आणि त्याची ओळख भट्टीसाठी नाही, मायक्रोस्कोपसाठी आहे. शब्द मार्टेन्साइट असा आहे.

नुसत्या एका नावासाठी एवढं मोठं पत्र मी लिहिलं नसतं. पण ही गल्लत उगाच झालेली नाही असं मला वाटतं. आपल्याकडे पोलादाचा इतिहास म्हणजे भट्टीचा इतिहास असंच धरून चालतात, किती टन निघालं, किती स्वस्त झालं, कारखाना कोणी काढला. तेच पोलाद लालभडक करून बादलीत बुडवलं की काचेसारखं कडक का होतं, आणि हे 'का' कळायला माणसाला किती काळ लागला, ही गोष्ट राहूनच जाते. मी ३४ वर्षं भोसरीला हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे पोलाद तापवून-विझवून कडक करायच्या, खात्यात काढली, रिटायर होऊन सहा वर्षं झाली, आणि मला विचाराल तर पोलादाच्या सगळ्या गोष्टीत हाच भाग सगळ्यात मोलाचा आहे. पत्र लांबलं तर खुशाल काटछाट करा पण मार्टेन्सचं नाव तेवढं नीट छापा.

आमच्या गावाला लोहारआबांची भट्टी होती आणि पाथरवटांच्या टाक्या, म्हणजे दगड घडवायच्या छिन्न्या, तिथे पाणी द्यायला यायच्या. आम्ही पोरं भाता ओढायचो. टाकीचं टोक कोळशात लाल झालं की आबा ती सांडशीत धरून फक्त दोन बोटं पाण्यात बुडवायचे, चर्र आवाज झाला की लगेच बाहेर, आणि टोक विटेच्या तुकड्यावर खसाखसा घासायचे. काळी खपली निघून खालचं पांढरं पोलाद दिसायला लागलं की आबा बोलणं बंद करायचे. टाकीच्या मागच्या भागात अजून धग असायची, ती हळूहळू टोकाकडे सरकायची आणि त्या पांढऱ्यावरून रंग धावत यायचे, आधी गव्हाच्या काडाचा पिवळा, मग बदामी, मग वांग्याचा जांभळा आणि त्याच्या पाठोपाठ निळा. जांभळा टोकाला पोचला रे पोचला की अख्खी टाकी पाण्यात. जरा उशीर झाला तर निळा पुढे यायचा आणि ती टाकी दगडावर दबायची, परत सगळं पहिल्यापासून. आणि घाई करून रंग यायच्या आधीच विझवली तर पहिल्याच घावाला टोक उडायचं. आबा कधी शाळेत गेले नव्हते. फिका पिवळा म्हणजे साधारण २३० डिग्री सेल्सियस आणि निळा म्हणजे ३०० च्या आसपास हे मला पुढे कारखान्यात लाखभर रुपयांच्या फर्नेससमोर उभं राहून शिकवलं गेलं, तेव्हा कळलं की आबा त्या विटेपाशी नेमकं काय बघत बसायचे.

आपण याला 'पाणी देणं' म्हणतो. हत्याराचं पाणी, पाणीदार पातं, पाणी उतरलं, हे सगळे शब्द त्या बादलीतून आलेत. आणि हे फार जुनं आहे बरं का. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, तलवारीवरचा एक अध्यायच आहे, त्यात या कामाला शस्त्रपान म्हटलंय, शस्त्राला पाजणं. घोडीचं दूध पाजा, उंटिणीचं पाजा, हत्तिणीचं पाजा, केळीचा क्षार ताकात कालवून एक दिवस ठेवून त्यात पाजा, मग ते पातं दगडावर आपटलं तरी मोडत नाही असं तिथे दिलंय. युरोपात बाराव्या शतकात थिओफिलस नावाच्या साधूने लिहून ठेवलंय की बोकडाला तीन दिवस उपाशी ठेवून मग नुसते नेचे खायला घालून त्याच्या मूत्रात हत्यार विझवा, किंवा लाल केसांच्या लहान मुलाच्या मूत्रात.

हे वाचून लोक हसतात, मला हसू येत नाही. त्या माणसांना समोर दिसत होतं की एकच लोखंड एका पाण्यात चांगलं बसतं आणि दुसऱ्यात तडकतं, मग ते गुण पाण्यात शोधणार नाहीत तर कुठे शोधतील? आणि त्यात तथ्यही होतं. साध्या पाण्यात लाल तुकडा बुडवला की त्याच्याभोवती वाफेची चादर तयार होते, ती उष्णता बाहेर जाऊ देत नाही. पाण्यात मीठ किंवा क्षार असला की ती चादर लवकर फाटते आणि तुकडा जास्त वेगाने आणि जास्त सारखा गार होतो. आजही कारखान्यात मिठाच्या पाण्याचा टँक असतोच. चूक एवढीच होती की कडकपणा पाण्यातून पोलादात शिरतो असं सगळ्यांना वाटत होतं. तो आतच असतो, पाणी फक्त घाई करतं.

आता आपल्या मुंबईचा यात एक खराखुरा धागा आहे आणि तो लेखात यायला हवा होता. हेलेनस स्कॉट नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा एक डॉक्टर मुंबईत होता, त्याने इथल्या बाजारात मिळणाऱ्या एका पोलादाचे गोळे लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पाठवले. त्या पोलादाला तो वूट्झ म्हणत होता, हा शब्द बहुतेक कानडीतल्या 'उक्कु'चा अपभ्रंश आहे. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सनने त्यावर निबंध वाचला आणि मथळ्यातच लिहिलं की हे पोलाद मुंबईत बनतं. मुंबईत काही बनत नव्हतं, मुंबई फक्त बंदर होतं. ते बनायचं दख्खनच्या पूर्वेला आणि खाली दक्षिणेत, आताच्या तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांत, म्हणजे आपल्या नांदेडच्या पलीकडेच म्हणा ना. इराणचे व्यापारी स्वतः तिथपर्यंत येऊन माल पारखून घेऊन जायचे, कारण दमास्कसच्या म्हणून ज्या तलवारी जगभर गाजल्या त्यांना हे पोलाद लागायचं.

कृती ऐकण्यासारखी आहे. भाताचं तूस घातलेल्या मातीच्या मुशीत लोखंडाचे तुकडे, त्यात तरवडाच्या लाकडाच्या वाळक्या ढलप्या, वरून रुईची हिरवी पानं, मुशीचं तोंड मातीने लिंपून बंद, आणि अशा मुशी भट्टीत रचून भाता मारत राहायचं. तरवड म्हणजे तोच, नवरात्रात ज्याच्या पिवळ्या फुलांची माळ घटाला चढते, आणि रुई म्हणजे मारुतीला वाहतो ती. त्या लाकडापानांतला कार्बन लोखंडात उतरायचा, कार्बन उतरला की लोखंड कमी तापमानाला वितळतं, आणि मुशीच्या तळाशी दीड टक्क्याच्या आसपास कार्बन असलेली पोलादाची वडी मिळायची. आपल्या विदर्भातही लोखंड गाळायची विद्या जुनी आहे, नागपूर जिल्ह्यात नायकुंडला उत्खननात लोखंड गाळायची भट्टी सापडली ती इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या आसपासची. पण त्या मुशीतल्या पोलादाची गोष्टच वेगळी, त्यावर लंडन-पॅरिसची मोठमोठी डोकी पन्नास वर्षं झिजली. लोहाराचा मुलगा असलेला मायकेल फॅरेडे, पुढे विजेसाठी जगप्रसिद्ध झाला तो, १८२० च्या आसपास जेम्स स्टोडार्ट या चाकू-सुऱ्या करणाऱ्या कारागिराबरोबर ह्याच्याच मागे लागला होता. त्याला वाटलं यात ॲल्युमिनियमचा अंश आहे म्हणून हे इतकं चांगलं. तसं नव्हतं. पॅरिसच्या टांकसाळीतल्या ब्रेआँने शंभरावर मिश्रणं करून पाहिली आणि त्याच सुमारास सांगितलं की हा सगळा खेळ कार्बनचा आहे.

कार्बन. हे एवढं कळायला सुद्धा अठरावं शतक संपत आलं होतं. त्याआधी लोकांना वाटायचं की पोलाद म्हणजे जास्त शुद्ध केलेलं लोखंड, आगीत तावून सुलाखून निघालेलं. प्रत्यक्षात उलटं आहे, शुद्ध लोखंड मऊ असतं आणि पोलाद म्हणजे लोखंडात थोडीशी भेसळ. १७८१ मध्ये स्वीडनच्या टॉर्बर्न बर्गमनने ओतीव लोखंड, पोलाद आणि घडीव लोखंड ॲसिडमध्ये विरघळवून बघितलं, तळाशी उरलेला काळा गाळ तिघांत वेगवेगळा भरला. १७८६ मध्ये फ्रान्सच्या व्हांदरमाँद, बर्थोले आणि माँज या तिघांनी तो गाळ कार्बन आहे हे नक्की केलं. आणि १७९९ च्या सुमारास गितोन द मोर्वोने तर लोखंडाच्या छोट्याशा मुशीत हिरा बंद करून तापवला, हिरा गायब आणि लोखंडाचं पोलाद झालेलं! हिरा आणि कोळसा एकच आणि त्यानेच पोलाद होतं, हे एका दमात सिद्ध. माझ्या मते शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात हा प्रयोग असायलाच हवा, मुलं जन्मभर विसरणार नाहीत.

मधला भाग तुमच्या लेखात आहे म्हणून पटकन पुढे जातो. फक्त बेंजामिन हंट्समनचं नाव राहिलंय. इंग्लंडमधला हा घड्याळजी, स्प्रिंगसाठी चांगलं पोलाद मिळेना म्हणून १७४० च्या दशकात स्वतःच शेफील्डजवळ मुशीत पोलाद वितळवायला लागला. आपल्याकडे मुशीतलं पोलाद त्याच्या कितीतरी शतकं आधीपासून होतं.

आता मुख्य माणूस. हेन्री क्लिफ्टन सॉर्बी, शेफील्डचा, घरचं बरं होतं, जन्मभर नोकरी केली नाही, सगळा वेळ मायक्रोस्कोप. आधी त्याने दगडाचे कागदासारखे पातळ काप करून त्यातून उजेड सोडून बघायची पद्धत बसवली, तेव्हा डोंगर काय मायक्रोस्कोपने बघायचे असतात का म्हणून लोक त्याला बोलले. मग उल्का बघता बघता तो लोखंडाकडे वळला. लोखंडातून उजेड आरपार जात नाही, त्यामुळे वरून उजेड टाकून परावर्तित प्रकाशात बघावं लागतं, पण त्याहून अवघड म्हणजे नमुना तयार करणं. घासताना पृष्ठभाग दबतो, लोण्यासारखा पसरतो, आणि दिसतं ते पोलाद नसतंच, पसरलेला साय असतो. सॉर्बीने हे ओळखलं. एमरीने, म्हणजे खरखरीत दगडाच्या पुडीने, हलक्या हाताने घासून, मग अगदी बारीक पावडरीने पॉलिश करून, शेवटी अतिशय पातळ नायट्रिक ॲसिडने तो वरचा थर खाऊन टाकायचा, की खालची रचना उघडी पडते. १८६३-६४ मध्ये त्याने हे केलं आणि १८६४ मध्ये बाथ शहरात ब्रिटिश असोसिएशनसमोर मांडलं. कोणी फारशी दखल घेतली नाही. पुढे त्याने स्वतःच सांगितलं होतं की त्या काळी रेल्वे अपघातानंतर रूळ काढून मायक्रोस्कोपखाली तपासा असं मी म्हटलं असतं तर लोकांनी मला वेड्यांच्या इस्पितळात पाठवलं असतं. वीस वर्षं ते काम पडून राहिलं. १८८५ मध्ये त्याने जास्त ताकदीची भिंग लावून, ६५० पट मोठं करून पुन्हा बघितलं तेव्हा आधी जो भाग शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा चमकताना दिसला होता तो म्हणजे एकाआड एक पातळ पट्ट्या निघाल्या, एक मऊ लोखंडाची, एक कडक कार्बाइडची, म्हणजे लोखंड-कार्बनच्या संयुगाची. यालाच आज पर्लाइट म्हणतात, मोत्यावरून.

पण हे हळू गार केलेलं पोलाद. पाणी दिलेल्या पोलादात सॉर्बीला काही नीट दिसलं नाही, दाणा इतका बारीक की भिंगं कमी पडली.

दुसऱ्या बाजूने रशियात दिमित्री चेर्नोव्ह होता. सेंट पीटर्सबर्गजवळच्या ओबुखोव्ह कारखान्यात तोफांच्या नळ्या फुटत होत्या, त्याचं कारण शोधताना त्याने नुसत्या डोळ्याने, तापलेल्या पोलादाचा रंग बघून बघून १८६८ मध्ये सांगितलं की एक ठरावीक तापमान आहे, त्याच्या खालून कितीही पटकन गार केलं तरी पोलाद कडक होत नाही. म्हणजे तिथे आत काहीतरी बदलतं. आपल्या लोहारआबांना हे माहीत होतं, काळसर लाल असताना बुडवलं तर पाणी चढत नाही हे ते रोज सांगायचे, पण लिहून, मांडून, सगळ्या जगाच्या हाती द्यायचं काम चेर्नोव्हने केलं. आणि १८७३ मध्ये बॅरेटने दाखवलं की अंधारात लाल पोलाद निवत असताना मध्येच क्षणभर ते आपोआप पुन्हा उजळतं. कोणी फुंकर घातलेली नाही, भाता मारलेला नाही, तरी उजळतं. मी हे स्वतः रात्रपाळीत शेडमधले दिवे बंद करून बघितलंय, जाड रॉड होता, काळवंडत चाललेला आणि एकदम आतून जीव आल्यासारखा लाल झाला. अंगावर काटा आला होता. आतले अणू जागा बदलतात तेव्हा साठलेली उष्णता सोडतात ती ही. पॅरिसच्या फ्लोरिस ओस्माँने १८८० च्या दशकात ल शातेलियेच्या नव्या थर्मोकपलने ही तापमानं नीट मोजली आणि सांगितलं की लोखंड एकच असलं तरी त्याची रूपं वेगवेगळी आहेत.

आणि मार्टेन्स? तो मूळचा रेल्वेच्या पुलांवर काम करणारा इंजिनियर. पुलाला लागणारं लोखंड आतून कसं आहे हे बघायचं म्हणून त्याने स्वतःच्या मेहनतीने मायक्रोस्कोप जुळवला, सॉर्बीचं काम त्याला माहीतही नव्हतं, आणि १८७८ मध्ये आपली निरीक्षणं छापली. पुढे बर्लिनमधली सरकारी मटेरियल टेस्टिंगची संस्था त्याने उभी केली. त्याने मार्टेन्साइट शोधलं नाही, हेही सांगायला हवं. ओस्माँला १८९० च्या दशकात पाणी दिलेल्या पोलादात सुयांसारखी रचना दिसली, तिला त्याने १८९५ मध्ये मार्टेन्सच्या सन्मानार्थ मार्टेन्साइट नाव दिलं. एका फ्रेंच माणसाने जर्मन माणसाचं नाव दिलंय, तेसुद्धा १८७० च्या युद्धाला पंचवीस वर्षं झाली असताना, हे मला फार मोठं वाटतं. सॉर्बीच्या नावाने सॉर्बाइट, लंडनच्या टांकसाळीतल्या रॉबर्ट्स-ऑस्टेनच्या नावाने ऑस्टेनाइट, हीसुद्धा ओस्माँनेच दिलेली नावं. स्वतःच्या नावाने त्याने काही ठेवलं नाही.

नाव पडलं पण 'का' सुटलं नव्हतं. मोठं भांडण लागलं होतं. ओस्माँच्या बाजूचे म्हणायचे की पोलाद कडक होतं कारण पाण्यात बुडवल्यावर लोखंडाचं 'बीटा' नावाचं एक कडक रूप आत अडकून राहतं. शेफील्डचा आर्नोल्ड आणि त्याच्या बाजूचे म्हणायचे की छे, हे सगळं कार्बनच्या एका खास संयुगाचं काम आहे. सभांमध्ये वर्षानुवर्षं वाद चालला, आणि दोघंही अर्धे बरोबर होते. निकाल लागला एक्स-रेने. १९२१ मध्ये स्वीडनच्या वेस्टग्रेनने तापलेल्या लोखंडातून एक्स-रे सोडून दाखवलं की बीटा असं वेगळं काही रूपच नाही, रचना आल्फासारखीच, म्हणजे साध्या गार लोखंडासारखीच, आहे. आणि १९२६ मध्ये अमेरिकेत फिंक आणि कँपबेल या दोघांनी पाणी दिलेल्या पोलादाची रचना नेमकी मोजली.

ती सोप्या भाषेत सांगतो, कारण हीच गोष्ट कुठेही मराठीत धड सापडत नाही. गार लोखंडात अणू असे बसतात की ठोकळ्याच्या आठ कोपऱ्यांवर आठ आणि बरोबर मधे एक. कार्बनवालं पोलाद ७२७ डिग्रीच्या वर नेलं की मांडणी बदलायला लागते, आठ कोपऱ्यांवर आठ आणि सहाही बाजूंच्या मधोमध एकेक. हेच ऑस्टेनाइट. या दुसऱ्या मांडणीतल्या फटी मोठ्या असतात म्हणून कार्बनचा अणू तिथे मावतो, अति तापलेलं असताना अगदी दोन टक्क्यांपर्यंत. पहिल्या, गार मांडणीत मात्र ०.०२ टक्का मावला तरी खूप झालं. हळू गार केलं तर कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळतो, तो बाजूला जाऊन कार्बाइडच्या पट्ट्या करतो, तेच सॉर्बीचं मोती. पण बादलीत बुडवलं तर कार्बनला निघायला वेळच मिळत नाही, लोखंड मात्र आपली मांडणी बदलतंच, अणू सगळे मिळून एकदम सरकतात, जवळजवळ धातूतल्या आवाजाच्या वेगाने, आणि कार्बन आत अडकतो. कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर ठोकतात तशी. त्या पाचरीने ठोकळा एका बाजूने लांबतो, चौकोनाचा उभट होतो, आजूबाजूचं सगळं ताणाखाली येतं, आणि ताणलेल्या त्या रचनेत अणूंचे थर एकमेकांवरून घसरूच शकत नाहीत. थर घसरणं म्हणजे धातूचं वाकणं. घसरता येत नाही म्हणून कडक, आणि घसरता येत नाही म्हणूनच ठिसूळ. आबांची टाकी पहिल्या घावाला का उडायची त्याचं उत्तर हे. मग हलकं तापवलं की थोडा थोडा कार्बन त्या पाचरीतून सुटतो, बारीक कण करून बसतो, ताण कमी होतो. पिवळा, बदामी, जांभळा, निळा म्हणजे किती कार्बन सोडू दिला त्याचा हिशोब. रंग स्वतः फक्त वरच्या ऑक्साइडच्या थराचे, पण ते आतलं तापमान सांगतात.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. आम्ही एकदा शनिवारी दुसऱ्या पाळीत ओएचएनएस या तेलात विझवायच्या पोलादाच्या ११ डाय, म्हणजे साचे, ऑइलमध्ये क्वेंच केल्या, म्हणजे विझवल्या, आणि टेम्परिंगच्या, म्हणजे नंतर हलकं तापवायच्या, फर्नेसची कॉइल गेली. वरून निरोप आला की सोमवारी करा टेम्पर, काय होतंय. मी तेव्हा नवा होतो, बोललो नाही. रविवारी रात्री वॉचमनने रॅकमधून टक असा आवाज ऐकला, थोड्या वेळाने परत टक. सोमवारी बघतो तर चार डायना कोपऱ्यापासून आरपार तडे, महिनाभर मशिनिंग केलेल्या डाय. कारण साधं आहे, मार्टेन्साइट होताना पोलाद चारेक टक्के फुगतं, आणि काही ऑस्टेनाइट न बदलता मागे राहिलेलं असतं ते नंतरही, गार पडल्यावरही, बदलत राहतं, फुगत राहतं. आत कोणी दिसत नसलं तरी काम चालू असतं. ज्याने निरोप दिला त्याला आणि मला दोघांनाही हे कोणी कधी शिकवलं नव्हतं. प्रोसेस शीटवर 'हार्डन, टेम्पर' एवढंच लिहिलेलं असायचं, मधे किती वेळ चालेल आणि का, ते नाही.

त्यानंतर मी लॅबमधल्या सरांच्या मागे लागून नमुने बघायला शिकलो. बेकेलाइटच्या, म्हणजे एका कडक प्लास्टिकच्या, गोट्यात तुकडा बसवायचा, पॉलिश पेपर एकामागून एक बारीक करत जायचं, प्रत्येक पेपरला नमुना नव्वद अंशात फिरवायचा म्हणजे आधीच्या रेघा गेल्या की नाही ते दिसतं, मग मखमलीच्या कापडावर ॲल्युमिना, आरशासारखा होईपर्यंत. आरशात काहीच दिसत नाही, नुसतं पांढरं. मग नायटल, म्हणजे अल्कोहोलमध्ये दोन टक्के नायट्रिक ॲसिड, त्यात पाच-दहा सेकंद बुडवला की आरशावर श्वास सोडल्यासारखी धुरकट सावली येते, लगेच धुवायचा, अल्कोहोल टाकून गरम हवेने सुकवायचा, आणि मायक्रोस्कोप. पहिल्यांदा फोकस फिरवताना त्या सुया समोर आल्या तेव्हा मी बराच वेळ काही बोललो नाही, तिरक्या, एकमेकींना आडव्या जाणाऱ्या, कडबा विस्कटून पडावा तशा, आणि मधे मधे पांढरे उरलेले कोपरे, ते न बदललेलं ऑस्टेनाइट. रविवारी रात्रीची ती टक कुठून आली होती ते मला तिथे दिसलं.

म्हणून विनंती अशी की या विषयाला पुरवणीत आणखी अर्धं पान द्या, आणि शक्य झालं तर फोटोसकट, एकाच रॉडचे तीन तुकडे, हळू गार केलेला, पाणी दिलेला आणि टेम्पर केलेला, तिन्हींचे मायक्रोस्कोपखालचे फोटो शेजारी शेजारी. आयटीआयमधून बाहेर पडणारी किती मुलं चाकण-भोसरीला हार्डनिंगचं काम करतात, त्यांनी वर्षानुवर्षं काम करूनही आत काय होतं ते एकदाही बघितलेलं नसतं. एका संग्रहालयात मी मागे गेलो होतो तिथे तलवारीखाली 'पोलादी तलवार' आणि शतक एवढंच लिहिलं होतं, त्या पात्याला पाणी कसं दिलं असेल, पोलाद कुठून आलं असेल, एक ओळ नाही, आणि पाटीसमोर उभी असलेली शाळेची मुलं मुठीवरची नक्षी बघून पुढे गेली.

माझ्याकडे तसे तीन तुकडे अजून आहेत, एकाच रॉडमधून कापलेले, बेकेलाइटमध्ये बसवलेले, गंजू नयेत म्हणून सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात ठेवलेत. कुठल्या शाळेला किंवा आयटीआयला दाखवायचे असतील तर त्यांनी तुमच्या ऑफिसला कळवावं, मी स्वतः घेऊन येईन, नव्याने पॉलिश करून. मायक्रोस्कोप तेवढा तिथला हवा, वरून उजेड टाकणारा, जीवशास्त्राच्या लॅबमधला चालत नाही.

आपला,
एक जुना वाचक
(निवृत्त सुपरवायझर, हीट ट्रीटमेंट), भोसरी, पुणे